पालापाचोळ्यात सापडलेला दोन मिलिमीटरचा कोळी नव्या प्रजातीचा आहे, हे कसं ठरवतात?

मुख्यतः प्रौढ कोळ्याच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून. रंग आणि आकार यांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. नराच्या तोंडाजवळ छोट्या पायांसारखे दोन पेडिपाल्प असतात. त्यांच्या टोकाला फुगीर भाग आणि त्यातून निघालेली सुईसारखी बारीक नळी असते. बऱ्याच माद्यांच्या पोटाखाली एपिजाइन नावाची कडक पट्टी असते. जवळच्या दोन प्रजाती वरून हुबेहूब सारख्या दिसल्या, तरी नळीचं वळण, लांबी, टोकाचा काटा यांत फरक सापडतो. म्हणून अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा पाल्प सुटा करून सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या बाजूंनी बघतात आणि त्याची चित्रं काढतात. माझ्या मते वर्णनाचा खरा जीव या चित्रांतच असतो, कारण पुढचा अभ्यासक आपला नमुना त्यांच्याशीच ताडून बघणार असतो. मग वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमधून (त्यात ५०,००० हून अधिक प्रजाती आहेत) त्या वंशातली (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) जुनी वर्णनं काढून एकेक तपासायची. हे काम कंटाळवाणं, पण टाळता न येणारं. कशाशीच जुळलं नाही, तर एक नमुना होलोटाइप (त्या प्रजातीचा अधिकृत प्रमाण नमुना) म्हणून निवडून शक्यतो संग्रहालयात ठेवतात आणि वर्णन नावासह प्रकाशित करतात. ते फक्त ऑनलाइन प्रसिद्ध होणार असेल, तर २०१२ पासून झूबँकमध्ये (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदही लागते.

एक अडचण मात्र आहे: सापडलेला कोळी पिल्लू असेल, तर हे अवयव पूर्ण तयार झालेले नसतात. अशा वेळी डीएनएवरून अंदाज बांधता येतो, पण नाव द्यायला सहसा प्रौढ नमुन्याची वाट बघतात.