पहिलाच तगडा पीसी असेम्बल करतोय, आय९ घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की लालबागच्या जुन्या इमारतीत राहता, गेमिंग आणि दाविंची रिझॉल्व्हवर व्हिडिओ एडिटिंग करायचंय, मॉनिटर १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेलचा) घेणार आहात. लॅमिंग्टन रोडवरच्या कोटेशनमध्ये इंटेलचा आय९-१४९००के प्रोसेसर, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत ‘फ्री’ एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आहे.

हे कोटेशन घेऊ नका. सगळा पैसा प्रोसेसरच्या नावावर गेलाय आणि तुमचं काम ज्यावर चालणार, तिथे काटकसर केलीय. १४४०पीवर गेम खेळताना बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच आधी दमतं. रिझॉल्व्हसुद्धा कार्डावर आणि त्याच्या मेमरीवर भिस्त ठेवतं. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणारा इफेक्ट) लावलं की ८ जीबी अपुरी पडू लागते. कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय घ्या, पण ते ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतं. खोक्यावर नाव तेच असतं, म्हणून बिलावर ‘१६ जीबी’ लिहून घ्या.

प्रोसेसर एएमडीचा रायझेन ५ ७६०० पुरे. एडिटिंग रोजचं असेल तर ८ कोअरचा ७७०० बघा. दोन्ही ६५ वॅटच्या वर्गातले, साध्या टॉवर कूलरवर थंड राहतात. तो आय९ पूर्ण ताकदीने चालला तर २५३ वॅटपर्यंत खेचतो. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ती उष्णता तुमच्याच अंगावर येणार. शिवाय त्याचं एलजीए१७०० सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची खाच) संपल्यात जमा आहे. रायझेनचं एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि निदान २०२७ पर्यंत ते चालू ठेवू असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढे फक्त प्रोसेसर बदलता येईल. एक अपवाद: तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (जास्त रंगमाहितीचा व्हिडिओ फॉरमॅट) शूट करत असेल तर इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा खरा उपयोग होतो. पण आता आरटीएक्स ५० सीरिजची कार्डंही ते काम करतात.

आता एसएमपीएस. यावर मी हट्टी आहे. कार्ड १८० वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, बाकी सगळं मिळून साधारण ७० धरा. बेरीज ३५०च्या आतच, पण कार्ड क्षणभर याहून मोठे झटके घेतं आणि पुढे मोठं कार्डही घ्यावंसं वाटेल. त्यामुळे ६५० किंवा ७५० वॅट, ५ वर्षांहून जास्त वॉरंटीचा. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, संरक्षणाबद्दल काही नाही. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात ६५०ला साधारण ५४ अँपिअर दिसायला हवेत. ‘फ्री’वाल्यात हा आकडा बघा, हसू येईल.

आणि जुनी इमारत म्हणताय तर पीसी आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. तीन भोकांचा सॉकेट म्हणजे अर्थिंग आहेच असं नाही. कित्येक घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कारण बहुधा तेच. यूपीएस घ्यायचाच असेल तर ६०० व्हीएचा नको. तो साधारण ३६० वॅटचाच असतो, गेम चालू असताना लाइट गेली तर त्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही.

बाकीचं पटकन. बी६५० मदरबोर्ड (एएम५चा), १ टीबी जेन ४ एनव्हीएमई एसएसडी, पुढे जाळी असलेलं कॅबिनेट. रॅम १६ जीबीच्या दोन काड्या, डीडीआर५ ६०००. चार काड्या लावल्या तर एएम५वर वेग उतरतो. आरजीबीचे (रंगीत दिव्यांचे) पैसे वाचवा, ते माझ्या मते मॉनिटरला द्यावेत.

दोन-तीन दुकानांत एकच यादी देऊन भाव काढा आणि जीएसटी बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर घ्या. वॉरंटीच्या वेळी तोंडी शब्द कोणी विचारत नाही.

जोडल्यावर पहिल्यांदा चालू कराल तेव्हा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहील. डीडीआर५ रॅम स्वतःला जुळवून घेत असते, घाबरून बटण दाबू नका. मग बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करा, विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट वाढवा, आणि केबल ग्राफिक्स कार्डालाच लावलीय ना ते मागे वाकून बघा. मदरबोर्डावरही तसंच पोर्ट असतं, तिथे लावली तर कार्ड वापरलंच जाणार नाही.