सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर फिरत नाही, नुसता घुमतो. मोटर जळली असेल का? घरी दुरुस्त होईल का?

तुम्ही लिहिलंय की धुण्याचा टब नीट चालतो, पण ड्रायरचा टायमर फिरवला की नुसता 'हूंऽऽ' आवाज येतो आणि टब जागचा हलत नाही. मेकॅनिक येऊन गेला आणि मागचं कव्हर न उघडताच मोटर बदला म्हणाला. भर पावसाळा, घरात लहान बाळ आणि खोलीभर ओले कपडे, तेव्हा तुमची घाई समजते. तरी मोटरचे पैसे देण्याआधी थोडं थांबा. आवाज येतोय ही चांगली खूण आहे.

ड्रायरच्या मोटरपर्यंत वीज जाते ती आधी टायमरमधून आणि झाकणाच्या स्विचमधून. दोन्ही एकाच वाटेवर असतात, त्यामुळे एक जरी बिघडला तरी ड्रायर पूर्ण मुका होतो. तुमचा ड्रायर घुमतोय, म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचतेय. एकतर मोटरला काहीतरी धरून ठेवतंय, नाहीतर तिला सुरुवातीचा धक्का मिळत नाहीये. मोटर स्वतः बिघडलेली असू शकते, पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा.

तोपर्यंत 'बघू, आता तरी फिरतोय का' म्हणून टायमर पुन्हा पुन्हा फिरवू नका. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते आणि भराभर तापते. आज चांगली असलेली वायंडिंग, म्हणजे मोटरच्या आतलं तारांचं गुंडाळं, अशा प्रयत्नांत खरोखर जळते.

आता काम सुरू करू. प्लग बोर्डातून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत कधीकधी बटण न्यूट्रलच्या वायरवर लावलेलं असतं आणि बटण बंद असूनही मशीनमध्ये वीज राहते. मशीन कोरड्या जागी ओढा, पायात चप्पल घाला, मागच्या कव्हरचे स्क्रू काढा. ड्रायरच्या बाजूला खाली तीन स्प्रिंगांवर उभी असलेली मोटर दिसेल. तिच्या डोक्यावर एक चकती असते, तो ब्रेक ड्रम. त्याला लागून ब्रेकचा पट्टा आणि वर झाकणाकडे जाणारी एक बारीक तार असते. ड्रायरला बेल्ट नसतो, टबचा दांडा थेट मोटरला जोडलेला असतो. तेव्हा कोणी ड्रायरचा बेल्ट गेलाय म्हणालं तर त्याला मशीनला हात लावू देऊ नका.

इथे बहुतेक जण फसतात. झाकण उघडून आत हात घालून टब फिरवतात, तो जड लागतो आणि 'जाम झालाय' असं ठरवून टाकतात. पण झाकण उघडं असताना टब जड लागायलाच हवा! झाकण बंद केलं की ती तार ओढली जाते आणि ब्रेक ड्रमपासून सुटतो. झाकण उघडलं की तार सैल पडते आणि स्प्रिंग ब्रेकला ड्रमवर दाबते. म्हणून तपासायचं ते झाकण बंद ठेवून, मागून, मोटरवरची चकती हाताने फिरवून. ती अलगद फिरली पाहिजे आणि एखाद-दोन वेढे स्वतःच पुढे गेली पाहिजे.

अलगद फिरत नसेल तर घरातल्या कोणाला तरी झाकण उघड-बंद करायला सांगा आणि तुम्ही ब्रेककडे बघा. झाकण बंद होताना ब्रेक ड्रमपासून स्पष्ट सुटतोय का? वर्षानुवर्षं ओढली जाऊन तार लांबते, कधी तिचा आकडा निसटतो, कधी तारच तुटते. मग झाकण बंद असूनही ब्रेक लागलेलाच राहतो आणि मोटर बिचारी घुमत बसते. घुमण्याबरोबर रबर जळल्यासारखा वास येत असेल तर माझा पहिला संशय इथेच. तार सैल असेल तर बऱ्याच मशीनमध्ये तिच्या टोकाला ताण वाढवायला दोन-तीन भोकं किंवा नट असतो. तुटली असेल तर मॉडेल नंबर दाखवून नवी आणा, सुट्या भागांच्या दुकानात ती स्वस्तात मिळते. किनारपट्टीवर राहत असाल तर ब्रेकच्या खिळीवर चढलेला गंजही बघा. खारट हवेत ती खिळी आखडते. पॉलिश पेपरने घासून तिथे तेलाचा एक थेंब द्या, पण ड्रमवर तेल अजिबात जाऊ देऊ नका, नाहीतर ब्रेक घसरेल.

ब्रेक सुटतोय तरी चकती जड आहे? मग आतल्या आणि बाहेरच्या टबच्या फटीत काहीतरी गेलंय. बाळाचा मोजा, हातरुमाल, परकराची नाडी अशा बारीक वस्तू कपड्यांवर ठेवायची जाळी न लावता ड्रायर फिरवला की उसळून त्या फटीत पडतात आणि खाली दांड्याला गुंडाळल्या जातात. तुमच्या घरी लहान बाळ आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. काढायचं असेल तर मोटरवरच्या कपलिंगचा, म्हणजे दांडा आणि मोटर जोडणाऱ्या भागाचा, बोल्ट सैल करा, म्हणजे आतला टब वर उचलून निघतो. परत बसवताना बोल्ट दांड्याच्या सपाट बाजूवर येईल असा घट्ट आवळा आणि वरचा चेक नटही (बोल्ट ढिला होऊ न देणारा नट) कसून आवळा. हा बोल्ट ढिला राहिला तर मोटर फिरते आणि टब तसाच राहतो.

आता समजा चकती लोण्यासारखी फिरतेय. मग बहुतेक कपॅसिटर गेलाय, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग. दुकानात त्याला कंडेन्सर म्हणतात. मशीनच्या आत कडेला लावलेली छोटी प्लॅस्टिकची डबी असते. कित्येक मशीनमध्ये एकाच डबीत दोन कपॅसिटर असतात, मोठा आकडा धुण्याच्या मोटरचा आणि लहान ड्रायरचा. म्हणूनच धुण्याचा टब व्यवस्थित चालतो आणि ड्रायर मात्र उठत नाही, हे सहज घडू शकतं. डबी फुगलीय, तडकलीय किंवा त्यातून काही ओघळलंय असं दिसलं तर निकाल लागलाच. वरून ठीक दिसली तरी आत क्षमता घसरलेली असते, ती कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरवर कळते. छापलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी आली तर बदला. तारांना हात लावण्याआधी साठलेली वीज उतरवा. होल्डरमधल्या साध्या, तारेच्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना क्षणभर टेकवायच्या. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची पद्धत सर्रास चालते, ती नको. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त चालतो. तारा काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

एक गोष्ट गावाकडच्या लोकांसाठी. संध्याकाळी ड्रायर घुमतो आणि पहाटे छान फिरतो असं होत असेल तर मशीन नव्हे, व्होल्टेज तपासा. अशा मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर जोर साधारण ६० टक्क्यांवर येतो. ओल्या कपड्यांनी भरलेला टब त्यात उठत नाही. तसंच, पाणी जायचा पाइप मोरीच्या कठड्यावरून उंच नेलेला असेल तर ड्रायरच्या तळाशी पाणी साचतं आणि टब त्या पाण्यातच अडखळतो. पाइप जमिनीलगत सोडा.

हे सगळं ठीक निघालं तरच मोटर. तिच्यातून तीन वायरी येतात. कपॅसिटरपासून सोडवून मीटर ओहमवर लावा आणि दोन-दोन वायरींमधला रोध मोजा. तीन आकडे येतील, आणि सगळ्यात मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका असायला हवा. एखाद्या जोडीत काहीच दाखवत नसेल तर ती वायंडिंग तुटलीय, आणि तेव्हाही मोटर अशीच घुमते. एखादी वायर बाकीच्या दोन्ही वायरींशी काहीच दाखवत नसेल आणि मोटर गरम असेल तर ती पूर्ण गार झाल्यावर पुन्हा मोजा, आतला थर्मल प्रोटेक्टर (मोटर फार तापली की वीज तोडणारा भाग) उघडलेला असू शकतो. कोणतीही वायर आणि मोटरचं लोखंडी अंग यांच्यात मीटरने जोड दाखवला तर मशीनला वीज लावूच नका, शॉक बसेल.

मोटर खरोखर गेली असेल तर ती का गेली हे बघितल्याशिवाय नवी लावू नका. मोटरच्या डोक्यावर पांढरे ओघळ किंवा गंज दिसतोय का? मग टबाखालचं रबर सील फाटलंय आणि साबणाचं पाणी थेंब थेंब मोटरवर पडतंय. सील तसंच ठेवून नवी मोटर बसवली तर तीही त्याच वाटेने जाईल. मेकॅनिकला सील बदलायला स्पष्ट सांगा. मोटर तांब्याच्या वायंडिंगची आहे की ॲल्युमिनियमच्या, हे विचारून बिलावर लिहून घ्या. मशीनला खालून उंदीर-जाळी नसेल तर तीही बसवून घ्या. कुरतडलेल्या वायरीमुळे बंद पडलेली मशीन कमी नसतात.

ज्यांचा ड्रायर अगदी मुका आहे त्यांनी प्लग काढून आधी झाकणाचा स्विच मीटरवर तपासावा, मग टायमर. झाकणाच्या स्विचची पत्ती वाकलेली किंवा काळी पडलेली सापडते. इथे कळकळीने सांगतो, हा स्विच जोडून टाकून 'डायरेक्ट' करू देऊ नका. मेकॅनिक दोन मिनिटांत करून देतात आणि ड्रायर चालूही होतो. पण मग झाकण उघडं असतानाही मोटरची वीज तुटत नाही. मिनिटाला हजाराहून जास्त वेढे घेणाऱ्या टबात ओढणीचं टोक किंवा मुलाचा हात गेला तर तो सोडवायला वेळच मिळत नाही.

दुरुस्ती झाल्यावर कव्हर लावा, मगच प्लग घाला. आधी रिकामा टब फिरवा, नंतर दोन टॉवेल समोरासमोर ठेवून. पूर्ण वेगात असताना झाकण उघडा. टब काही सेकंदांत थांबला पाहिजे. फिरतच राहिला तर तार आता जास्त ताणली गेलीय, एक भोक मागे घ्या.