वाचकांचे प्रश्न : रोटरी इंजिनाचे प्लग पुन्हा पुन्हा काळे का पडतात?

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालची माझदा आरएक्स-८ ही गाडी आहे. माझे मामा इंग्लंडहून कायमचे परत आले तेव्हा त्यांनी ती सोबत आणली आणि पुढे ती मला दिली. मी सांगलीत विश्रामबागला राहतो. गाडी बहुतेक वेळा गावातल्या गावात, फार तर मिरजेपर्यंत जाते. सेल मारल्यावर ती लगेच लागते, पण चौकात उभी असताना आरपीएमचा काटा स्थिर राहत नाही, गाडी थरथरते, मध्येच मिसिंग येते आणि मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. प्लग उघडले की काळे निघतात. फिटरने ते एकदा तारेच्या ब्रशने साफ केले, नंतर नवेही टाकले. तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तीच स्थिती होते. हे इंजिन ऑइल जाळते म्हणून दर लिटर पेट्रोलमध्ये २० मिलीलिटर टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल टाकण्याचा सल्ला फिटरने दिला आहे आणि मी तो पाळतो. रोटरी इंजिन असेच अडखळत चालते, असेही ते म्हणतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या गाडीपुरते तरी ते खरे नाही. रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. माझदाच्या जुन्या रोटरी इंजिनांत धूर बाहेर टाकणारे द्वार रोटरभोवतीच्या घराच्या परिघावर असे, आणि ते व हवा आत घेणारे द्वार काही क्षण एकाच वेळी उघडे राहत असल्यामुळे कमी आरपीएमवर जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळून इंजिन अडखळत असे. आरएक्स-८ मधील रेनेसिस इंजिनात दोन्ही द्वारे बाजूच्या प्लेटांमध्ये आणली गेली आणि ती एकाच वेळी उघडी राहणार नाहीत, अशी रचना करण्यात आली. निरोगी रेनेसिस इंजिन गरम झाल्यावर ८०० आरपीएमच्या आसपास शांतपणे चालते. आपली गाडी थरथरत असेल, तर तिच्यात दोष आहे आणि तो शोधलाच पाहिजे.

प्लग काळे पडणे हे त्या दोषाचे लक्षण आहे. म्हणून नुसते प्लग बदलत राहण्यात पैसे जातात आणि मूळ बिघाड आत वाढत राहतो. या इंजिनात प्लगवर काजळी धरण्याची प्रवृत्ती मुळातच अधिक असते. जळण्याची जागा लांबट व चपटी असते, त्यामुळे ज्योत कडेपर्यंत पोहोचेपर्यंत थोडे मिश्रण न जळता राहते. प्रत्येक रोटरला दोन प्लग देण्यामागे हेही एक कारण आहे. रोटरच्या तीन टोकांवरील, वायू गळू न देणाऱ्या अपेक्स सीलना वंगण मिळावे म्हणून मीटरिंग पंप इंजिन ऑइलचे थेंब थेट आत सोडतो आणि ते ऑइल पेट्रोलबरोबर जळते, त्यामुळे ऑइल कमी होणे हा येथे बिघाड नव्हे. शिवाय शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक रोटरचा एक स्फोट होत असल्याने, साध्या फोर-स्ट्रोक इंजिनातील प्लगला दोन फेऱ्यांत जे काम एकदा करावे लागते ते येथे प्रत्येक फेऱ्यात करावे लागते. प्लगचे टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले तरच त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. विश्रामबागहून मिरजेपर्यंत चौकाचौकांत थांबत गेलेल्या गाडीचे प्लग तेवढे तापत नाहीत.

आता टूटी ऑइलविषयी. लिटरला २० मिलीलिटर हे माप टू-स्ट्रोक स्कूटरचे आहे. त्या इंजिनाला ऑइल मिळण्याचा दुसरा मार्ग नसतो. आपल्या गाडीत मीटरिंग पंप ते काम आधीच करत आहे. परदेशातले काही आरएक्स-८ मालक सीलच्या काळजीपोटी पेट्रोलमध्ये थोडे टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात हे खरे, पण त्यांचे प्रमाण लिटरला ५ मिलीलिटरच्या आसपास असते. चौपट ऑइल टाकून आणि गाडी थंड ठेवून आपण प्लग काळे होण्याची सोयच करून दिली आहे. ते ऑइल टाकणे आजच थांबवावे. मीटरिंग पंपाविषयी शंका असेल तर पंप, त्याच्या बारीक नळ्या आणि नोझल तपासून घ्यावेत. टाकीत ऑइल ओतणे हा त्यावरचा उपाय नाही.

तथापि कच्च्या पेट्रोलचा वास आणि मिसिंग यांचा उलगडा केवळ ऑइलने होत नाही. इंजिनाला चार प्लग आहेत : प्रत्येक रोटरला खाली एक लीडिंग आणि वर एक ट्रेलिंग. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, डावे पुढचे चाक काढून, चारही प्लग उघडावेत आणि कोणता प्लग कोठला हे लिहून त्याच क्रमाने कापडावर मांडावेत. ॲल्युमिनियममधले आटे गरम असताना सहज खराब होतात, म्हणून थंड इंजिनाचा आग्रह धरतो आहे. चारही प्लगवर सारखी कोरडी, मऊ काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा गाडी पुरेशी तापत नाही. एकच प्लग पेट्रोलने ओला निघाला, तर त्या जागी करंट कमी पडतो आहे. एकाच रोटरचे दोन्ही प्लग ऑइलने चिकट असतील तर त्या रोटरच्या ऑइल सीलकडे किंवा कॉम्प्रेशनकडे (आत मिश्रण दाबले जाण्याच्या जोराकडे) संशय जातो. ट्रेलिंग प्लगचे आत उघडणारे छिद्र अरुंद असल्यामुळे तो लीडिंगपेक्षा थोडा अधिक मळलेला दिसतो, त्याची चिंता नको. लीडिंग प्लग मात्र जळणाचे मुख्य काम करतो, त्यामुळे तो नीट पेटत नसेल तर उभ्या गाडीची थरथर लगेच जाणवते.

तारेचा ब्रश या प्लगना लावूच नये. त्यांचे टोक इरिडियमचे आणि अतिशय नाजूक असते. ब्रशने ते मोडते किंवा धातूचे कण पोर्सेलिनवर चिकटून करंटला भलती वाट मिळते. नवे प्लग घेताना चारही एकाच नंबरचे घेऊ नयेत. या गाडीसाठी एनजीकेचा लीडिंग प्लग आरई७सी-एल आणि ट्रेलिंग प्लग आरई९बी-टी असा असतो. एनजीकेच्या पद्धतीत आकडा मोठा तितका प्लग थंड, त्यामुळे ९ नंबरचा प्लग खालच्या जागी बसवला गेला असेल तर तो काजळी धरणारच. दुकानदार कारचे प्लग म्हणून चार सारखे काढून देतो आणि बसवणाऱ्याच्याही ते लक्षात येत नाही, असे होऊ शकते, म्हणून आपल्या गाडीतले नंबर स्वतः वाचून पाहावेत. प्लगच्या वायरींची अदलाबदल झालेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

आपण दिलेल्या लक्षणांवरून माझा सर्वांत मोठा संशय इग्निशन कॉईलवर, म्हणजे प्लगला करंट देणाऱ्या भागावर आहे. या गाडीत चार स्वतंत्र कॉईल आहेत. इंजिनाच्या उष्णतेत त्या एकदम बंद पडत नाहीत, हळूहळू कमजोर होतात, त्यामुळे गाडी चालत राहते आणि दोष मात्र प्लगवर येतो. माझदाने या कॉईलची बनावट पुढे सुधारलीही. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारे यंत्र) लावल्यावर पी०३०१ हा कोड आला तर मिसिंग पुढच्या रोटरचे आहे आणि पी०३०२ आला तर मागच्या. चारही कॉईल सारख्याच असतात, म्हणून संशयित कॉईल दुसऱ्या रोटरच्या त्याच जागेवर लावून पाहावी. कोडही तिच्याबरोबर सरकला तर दोषी सापडली. जुन्या कॉईल असतील तर चारही कॉईल आणि वायरी एकदम बदलणे शेवटी स्वस्त पडते. भाग बाहेरून मागवावे लागतात याची मला कल्पना आहे, तरीही येथे काटकसर नको. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, आतली जाळी वितळून वाट तुंबते, धुराचा दाब व उष्णता परत इंजिनाकडे येते आणि तिच्यापायी सील खराब होतात. कॉईलच्या खर्चाऐवजी पूर्ण इंजिन उघडण्याचा खर्च करावा लागण्याचा मार्ग हाच आहे. मिसिंग चालू असताना इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी पुढे रेटू नये, आणि अशी गाडी शेताच्या कडेला वाळलेल्या पाचटावर कधीही उभी करू नये. तापलेल्या कन्व्हर्टरने ते पेट घेऊ शकते.

कॉईल चांगल्या निघाल्या तर हवेच्या बाजूने तपास करावा. एअर फिल्टर, हवेचे प्रमाण मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर, थ्रॉटल बॉडीतली काजळी आणि व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या एवढे पाहणे पुरेसे आहे. सेन्सर त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनेच साफ करावा, त्याला हात किंवा कापड लावू नये. या नळ्या वीस वर्षांच्या आहेत आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यामुळे टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलच्या पाइपांकडेही लक्ष ठेवावे. मात्र काळ्या प्लगचे खापर इथेनॉलवर फोडता येणार नाही, कारण त्याच्यामुळे मिश्रण जास्तीचे होण्याऐवजी उलट पातळ होते.

हे सर्व करूनही थरथर राहिली तर कॉम्प्रेशन मोजावे. साधा गेज येथे दिशाभूल करतो, कारण रोटरला तीन बाजू असतात आणि तो गेज त्यांपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतो. एक बाजू गळत असली तरी ते कळत नाही. रोटरीसाठीचा टेस्टर तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे दाखवतो. २५० आरपीएमला प्रत्येक बाजूचा दाब ८.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असावा आणि ६.९ च्या खाली जाऊ नये, तसेच एकाच रोटरच्या बाजूंमध्ये सुमारे १.५ पेक्षा जास्त फरक नसावा, असे माझदाचे माप आहे. असा टेस्टर जवळ मिळाला नाही तर साध्या गेजमधला दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह काढून सेल मारावा आणि काटा तीन सारखे ठोके देतो का, हे पाहावे. एक ठोका दुबळा असेल तर नेमका आकडा नसला तरी उत्तर मिळते.

दुरुस्ती झाल्यावर गाडी चालवण्याची पद्धतही बदलावी लागेल. आठवड्यातून एकदा तरी तिला आष्ट्यावरून पेठ नाका आणि तेथून महामार्गाने कराडपर्यंत न्यावे. पाण्याचा काटा नेहमीच्या जागी आल्याशिवाय रेस करू नये. एकदा इंजिन तापले की मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत राहूनही, खालच्या गिअरमध्ये आरपीएम वर जाऊ द्यावा. हे इंजिन उंच आरपीएमसाठीच घडवले आहे आणि प्लग तेथेच स्वच्छ होतात.

प्रश्न : याच गाडीबद्दल आणखी एक. धुण्यासाठी ती पोर्चमधून दारात काढली आणि लगेच बंद केली. धुऊन झाल्यावर पुष्कळ सेल मारला, तरी ती लागली नाही. दुसऱ्या दिवशी ढकलल्यावर लागली. हे का झाले?

उत्तर : गाडी ओव्हर झाली. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल मिळते. ते जळण्याआधी इंजिन बंद केले की प्लग भिजतात आणि सीलवरचे ऑइल धुतले जाऊन कॉम्प्रेशन उतरते, मग पुढचा प्रत्येक सेल आणखी पेट्रोल आत ओततो. थंड गाडी सुरू केली की ती पूर्ण तापल्याशिवाय बंद करू नये. दोन फूट सरकवायची असेल तर न्यूट्रलमध्ये ढकलावी. पुन्हा असे झाले तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सुमारे दहा सेकंद सेल मारावा, म्हणजे इंजेक्टर बंद राहतात आणि आतले पेट्रोल बाहेर फेकले जाते. थोडे थांबून पुन्हा तसेच करावे. बॅटरी पूर्ण चार्ज असली पाहिजे, कारण सेल मंद फिरला तर हे इंजिन लागत नाही. माझदाने पुढच्या आरएक्स-८ मध्ये अधिक जोराचा स्टार्टर दिला तो याच कारणासाठी. एवढ्याने भागले नाही तर प्लग काढून कोरडे करावेत, प्लग बाहेर असतानाच पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून सेल मारावा, प्रत्येक रोटरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि मग प्लग बसवून गाडी सुरू करावी. सुरुवातीला पांढरा धूर भरपूर निघेल, तो निवेपर्यंत गाडी चालू ठेवावी. ढकलून सुरू करणे मात्र टाळावे, कारण त्या धक्क्याबरोबर साचलेले सगळे पेट्रोल एकदम कन्व्हर्टरमध्ये जाते.