नोहाच्या बायकोचं नाव काय?

प्रश्न : बायबलचा पहिला भाग, म्हणजे ज्यू लोकांचा तोरा, सध्या मराठीत वाचतेय. जलप्रलयातून वाचलेल्या नोहाचं तारू ३०० हात लांब होतं हे दिलंय, तिन्ही मुलांची नावं दिलीयेत, बायकोचं मात्र नाहीच. मिठाचा खांब झालेल्या लोटाच्या बायकोचंही नाही. बायका म्हणून गाळल्या का हो?

उत्तर : ताई, थोडंफार तसं आहेच, नाही कशाला म्हणू. पण आता उत्पत्तीचा, म्हणजे तोराच्या पहिल्या पुस्तकाचा, २४वा अध्याय उघडा. अब्राहामाचा नोकर त्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, मुलगी बघायला निघतो, ६७ ओव्यांचा लांबलचक अध्याय, त्यात उंट १० होते हे सांगितलंय, रिबकाला दिलेली नथ अर्धा शेकेल वजनाची आणि बांगड्या १० शेकेलच्या हेही सांगितलंय, आणि ज्याने ही सगळी सोयरीक जुळवली त्या बाप्याचं नाव अख्ख्या अध्यायात एकदाही नाही! 'मी अब्राहामाचा नोकर' एवढीच ओळख. आधी १५व्या अध्यायात अलियेजर म्हणून एक येतो, तोच हा असं परंपरेने मानलंय.

मला सगळ्यात आवडतं ते निर्गमच्या, म्हणजे दुसऱ्या पुस्तकाच्या, सुरुवातीचं. इस्राएली बायकांना मुलगे झाले की मारा म्हणणारा मिसरचा राजा नुसता फारो (ही तिथल्या राजांची पदवी), कुठला फारो यावर अभ्यासक अजून भांडतायत, आणि त्याचं न ऐकणाऱ्या दोन सुइणी मात्र नावानिशी आहेत, शिफ्रा आणि पुवा. म्हणजे बायका सरसकट गाळल्या असंही म्हणता येत नाही.

नोहाच्या बायकोचं म्हणाल तर, उत्पत्ती ४ मध्ये नामा नावाची एक बाई येते, अमक्याची बहीण एवढंच, पुढे तिचं काहीच नाही. इकडे नाव आहे गोष्ट नाही, तिकडे गोष्ट आहे नाव नाही, मग एका जुन्या रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मपंडिताने, दोघींची गाठ मारून टाकली, हीच ती म्हणे. बाकीच्यांनी लगेच नाही म्हटलं, ती नामा वेगळीच, मूर्तींपुढे गाणारी.

पण अशी नावं शोधणं सगळ्यांना पटायचं नाही बरं का. गणना या चौथ्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात एक माणूस शब्बाथच्या दिवशी लाकडं गोळा करताना सापडतो, त्याला दगडांनी मारतात. (शब्बाथ म्हणजे शनिवार, ज्यूंचा काम न करायचा पवित्र वार, याच दिवशी घाणा बंद ठेवायचे म्हणून आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू लोकांना शनवार तेली म्हणायचे.) तर त्या माणसाचं नाव तिथे नाही, पण रब्बी अकिवा म्हणाले तो सलाफहाद होता, म्हणजे गणनातच पुढे ज्याच्या मुली वारसा मागतात तो. त्यावर दुसऱ्या रब्बींनी त्यांना चांगलंच झापलं, तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, आहे हे : तुझं खरं असेल तर तोराने जे झाकून ठेवलं ते तू उघडं केलंस, आणि खोटं असेल तर एका भल्या माणसाची उगाच बदनामी केलीस, जाब तुला दोन्हीकडून द्यावाच लागणार.