शंभरपर्यंत येतं, पण पाच देता येत नाहीत

"शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो, पण पाच वस्तू दे म्हटलं की मूठ भरून देतो. गणितात कच्चा राहील का हो?" ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की आता समोरच्याचं वाक्य मीच पूर्ण करू शकते.

साडेचार वर्षांच्या एका मुलाच्या आईनं तर मला प्रात्यक्षिकच दाखवलं. पाच बटणं मांडली.

"मोज."

"एक, दोन, तीन, चार, पाच."

"मग किती आहेत?"

त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"अरे, पण किती?"

तिसऱ्यांदा मोजणी सुरू. आईचा आवाज चढला, तसा मुलगा टेबलाखाली.

आईला यात हट्ट दिसत होता. पण त्याच्या लेखी 'किती' म्हणजे 'मोजून दाखव'! शेवटी म्हटलेला आकडा हीच सगळ्या बटणांची संख्या, हे त्याला उमगलं नव्हतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यातलं हे एक. मुलांना आधी 'एक' कळतो, मग दोन, मग तीन. मध्ये काही महिनेही जातात. पाठांतर त्याच्या कितीतरी पुढे पळतं आणि आपण फसतो.

"काही दिवस विचारू नका, सांगा," मी म्हटलं. "आधी संख्या, मग मोजणी. 'ही तीन बटणं. एक, दोन, तीन.' तीनच्या पुढे घाई नको."

"एवढंच?"

"एवढंच."

पुढच्या काही भेटींत आम्ही नुसते खेळलो. एकदा चार बटणं मोजताना मी मुद्दाम एकच बटण दोनदा मोजलं आणि "पाच!" म्हणाले. तो खिदळला. "मावशी, हे तर मोजलंस की!"

"हो का? मग तूच मोज बाबा."

एकेक बटण बाजूला सारत त्यानं मोजलं आणि कुणी न विचारता म्हणाला, "चार आहेत. चारच!"

आई बघतच राहिली. "हे कधी शिकला?"

मुलाला दुसऱ्याची चूक दिसते, तेव्हा नियम त्याच्यात रुजलेला असतो. सतत परीक्षा घेतली तर तो नियम बाहेर यायला जागाच उरत नाही. शिकवणीपेक्षा ही मुद्दाम केलेली चूक मला नेहमीच जास्त उपयोगी पडली आहे, हे थोड्या अभिमानानंच सांगते.

घरी "तीन चमचे आण" असं खरं काम सांगा. चार आणले तर रागावू नका, सोबत मोजा. वस्तू हलवत मोजू द्या. नुसतं बोट फिरवलं की एखादी सुटते. सहा वर्षं पूर्ण होऊनही पाच वस्तू मोजून देता येत नसतील, तर मात्र तज्ज्ञांना दाखवा.