तूर आपली, सोयाबीन चीनचं!

प्रश्न: वावरात तूर-सोयाबीन हाये, धुऱ्यावर बाभूळ अन् पळस. पोरगी म्हणते हे सगळे एकाच खानदानातले, आमचे बाबा तर हसूनच राह्यले. खरं काय? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: पोरगी बरोबर हाये भाऊ! बाभळीच्या अन् पळसाच्या शेंगा पाहा ना. हे शेंगवाल्यांचं कूळ, फॅबेसी, १९,००० च्या वर जाती हायेत त्यात. बाभूळ जरा लांबची, पण तूर-सोयाबीन जवळचे भाऊबंद. गंमत म्हणजे हरभरा, दोघांची डाळच होते तरी तो तुरीचा लांबचा, वाटाणा-मसूर-लाखोळीवाल्यांतला, अन् भुईमूग तर चक्क शिसवाच्या फांदीतला!

आता गाव कोणाचं कोणतं. तूर आपलीच, तिची जंगली बहीण अजूनही बस्तर-ओडिशाकडच्या रानात सापडते म्हणजे गडचिरोलीच्या पलीकडेच की, इथूनच ती आफ्रिकेत गेली अन् तिथून गुलामांच्या जहाजांसोबत पार कॅरेबियन बेटांवर पोचली. हरभरा तुर्कस्तानकडचा, सोयाबीन चीनचं, भुईमूग दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे झुणका खाताना बेसन परदेशी पाहुण्याचंच असते. बाबांले हे जेवण झाल्यावर सांगा.