पेशंटवर लिहिण्याआधी : वाचकांची प्रश्नोत्तरे

या खेपेची बहुतेक पत्रं लिहिण्या-छापण्याबद्दलची आहेत. रिलेशनल मनोविश्लेषणात, म्हणजे थेरपिस्ट आणि पेशंट यांच्यात जे घडतं त्यालाच उपचाराचा गाभा मानणाऱ्या प्रवाहात, लेख कसा लिहावा, कुठे द्यावा, अशी विचारणा आहे. मिळतीजुळती पत्रं एकत्र केली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : रिलेशनल मनोविश्लेषण आमच्या अभ्यासक्रमात दोन ओळींत आटोपतं. मुळातून वाचायचं तर सुरुवात कुठून करू? आणि ही जर्नल्स इथं मिळणार कुठे? (प्राध्यापिका, कराड)

1983 पासून करा. जे ग्रीनबर्ग आणि स्टीफन मिचेल यांनी त्या वर्षीच्या पुस्तकात मांडलं की मनोविश्लेषणात दोन वेगळ्या वाटा आहेत. एक सहजप्रेरणांपासून निघते, दुसरी नात्यांपासून, आणि या दोन्ही एकमेकींत सहज मिसळत नाहीत. मिचेल यांचं स्वतंत्र पुस्तक आणि जेसिका बेंजामिन यांचं ‘द बाँड्स ऑफ लव्ह’, दोन्ही 1988 ची. त्याही मागे जायचं असेल तर मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचे जवळचे सहकारी फेरेन्झी यांनी 1932 मध्ये वीसबाडेनला वाचलेला निबंध आहे. मोठ्यांची भाषा आणि मुलाची भाषा यांच्या गोंधळातून आघात कसा होतो, हे त्यात आहे. फ्रॉइडला तो आवडला नव्हता.

मिचेल यांनी 1991 मध्ये ‘सायकोअ‍ॅनालिटिक डायलॉग्ज’ हे जर्नल सुरू केलं. त्याची रीत मला फार आवडते. आधी मूळ लेख, मग त्यावर इतरांची टिपणं, आणि शेवटी त्या टिपणांना लेखकाचं उत्तर. मी विद्यार्थ्यांना हे उत्तर सगळ्यात आधी वाचायला लावते. माणूस काय सोडायला तयार नाही, ते तिथे कळतं. मिचेल 2000 साली, चोपन्नाव्या वर्षी गेले. पुढच्याच वर्षी या प्रवाहाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

मिळण्याचं म्हणाल, तर हे जर्नल आता टेलर अँड फ्रान्सिसकडे आहे. संस्थांना संशोधन जर्नल्स वाचायला खुली करणाऱ्या केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतल्या तीस प्रकाशकांत त्यांचा समावेश आहे. योजना 2025 पासून सुरू झाली, पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. तुमचं कॉलेज त्यात बसतं का, ते ग्रंथपालांना विचारा. नसेल तर शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. जुन्या लेखांसाठी ‘पेप-वेब’ हा मनोविश्लेषणाचा संग्रह आहे. तिथं शोध घेता येतो, सारांश वाचता येतो. पूर्ण लेख हवा असेल तर थेट लेखकाला चार ओळींची मेल करा. संकोच नको. आपला लेख कोणी मागितला की लेखकाला बरंच वाटतं.

प्रश्न : एका क्लायंटबरोबरचं काम लिहावंसं फार वाटतं. पण नाव-वय बदललं तरी सांगलीत कोणीही ओळखेल. काय करू? (समुपदेशक, सांगली)

तुमची भीती अगदी रास्त आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘एक मध्यमवयीन वकील’ म्हटलं की हजारो माणसं त्यामागे लपतात. सांगलीच्या विश्रामबागेत असे वकील मोजके, आणि त्यांतले निम्मे एकमेकांचे व्याही.

ही अडचण या शास्त्राच्या जन्मापासूनची आहे. ‘डोरा’ या बदललेल्या नावाच्या तरुण पेशंटची केस फ्रॉइडने 1901 मध्ये लिहिली आणि 1905 मध्ये छापली. मुलीच्या आयुष्यातल्या घटना व्हिएन्नात घडलेल्या नाहीत, उपचार संपून चार वर्षं थांबलो, लेख तज्ज्ञांच्या नियतकालिकात दिला, अशी खबरदारी त्याने प्रस्तावनेत सांगितली आहे. परवानगी मागून काही उपयोग झाला नसता, हेही तिथंच लिहून ठेवलं आहे. आज डोराचं खरं नाव कोणत्याही विद्यार्थ्याला दोन मिनिटांत सापडतं.

मनोविश्लेषक ग्लेन गॅबर्ड यांनी 2000 साली एका लेखात पाच वाटा सांगितल्या : तपशील भरपूर बदलणं, संमती घेणं, आयुष्याची हकिकत गाळून फक्त सेशनमधली देवाणघेवाण देणं, अनेक पेशंट मिसळून एक करणं, आणि सहकाऱ्याच्या नावाने लिहिणं. आपल्या गावांत या सगळ्या सारख्या चालत नाहीत. समजा, क्लायंटचं घर 2019 च्या पुरात बुडालं होतं आणि पाणी चढतानाची ती रात्रच तिच्या दुखण्याच्या मुळाशी आहे. पुराच्या जागी दुष्काळ घातलात तर केसच खोटी झाली. पूर ठेवलात तर सांगलीच ठेवली. अर्थ ज्या तपशिलावर टेकलेला असतो, नेमका तोच बदलता येत नाही, आणि बहुधा माणूस ओळखू येतो तोही त्याच्यावरूनच. अनेक पेशंट मिसळणं या प्रवाहात मला पटत नाही. ‘या दोघांत हे घडलं’ हाच जर तुमचा दावा असेल, तर त्या दोघांतली एक व्यक्ती कल्पनेतली कशी चालेल? तिसरी वाट मात्र इथं उपयोगी आहे. गाव नको, धंदा नको, घराणं नको. एका सेशनमधली वीस मिनिटं, ती मात्र नीट.

राहिली संमती. याच प्रवाहातले लुईस ॲरन यांनी 2000 मध्येच याचा बारकाईने विचार केला होता. विचारणं हीसुद्धा उपचारातलीच एक घटना असते. तुम्ही फॉर्म पुढे केलात आणि क्लायंट ‘मॅडम म्हणतील तसं’ म्हणाली, तर ती संमती झाली की तिच्या जुन्या दुखण्याचाच आणखी एक फेरा? कोणालाच नाही म्हणता येत नाही म्हणून तर ती तुमच्याकडे आली असेल! म्हणून माझं मत असं : विषय सेशनमध्ये काढा, घाई न करता काही आठवडे त्यावर बोला, मसुदा वाचायला द्या, छापेपर्यंत माघार घेता येईल असं स्पष्ट सांगा. तिला राग आला, लाज वाटली, किंवा आपण कोणीतरी खास आहोत असं वाटलं, तर त्यावर काम करा. लेख लांबला तर लांबू दे. आणि एवढं करूनही मन खात असेल, तर लिहू नका. पूर्वी जर्नल ग्रंथालयाच्या कपाटात असायचं, आता क्लायंटच्या पुण्यातल्या भाच्याच्या मोबाइलवर येतं.

प्रश्न : रिव्ह्यूअरने माझा लेख ‘यात तुम्ही कुठे आहात?’ अशा शेऱ्यासह परत पाठवला. थेरपिस्टने स्वतःबद्दल लिहायचं असतं का? (प्रशिक्षणार्थी, इस्लामपूर)

या प्रवाहात हो. पेशंट गप्प झाला एवढं लिहून भागत नाही. त्याआधी तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत का, तुम्हाला कंटाळा आला होता का, हा पुरावा आहे आणि तो लपवला तर वाचकाला काही तपासता येत नाही. पण उगाच आत्मचरित्र नको. तुमच्या वडिलांचा स्वभाव लेखात तेव्हाच यावा, जेव्हा तो त्या सेशनमध्ये आलेला असेल. हल्ली थेरपिस्टच्या कबुलीजबाबांची एक फॅशन झाली आहे. पानंच्या पानं थेरपिस्ट रडतो आणि पेशंट बिचारा परिशिष्टात राहतो.

प्रश्न : ‘सात दिवसांत प्रसिद्धी, यूजीसी-केअर मान्यताप्राप्त’ अशी मेल आली आहे. फी भरावी का? (मिरज)

नाही. केअर ही मान्य जर्नल्सची यादी बंद केल्याचं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं आहे. अशा मेलमध्ये मिरवला जाणारा आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळख-क्रमांक असतो, दर्जाची हमी नव्हे. खऱ्या परीक्षणाला महिने लागतात. वर्गणीवर चालणारी जर्नल्स साधारणपणे लेखकाकडून पैसे घेत नाहीत. खुल्या प्रवेशाच्या जर्नल्समध्ये फी असू शकते, तेव्हा त्यांचं नाव आधी ‘डीओएजे’ या सूचीत पाहा. नामांकित जर्नलच्या नावाने हुबेहूब बनावट साइटही असतात, म्हणून मेलमधल्या लिंकवर न जाता प्रकाशकाच्या साइटवरून आत शिरा. पैसे जातील ते जातील, पण ‘या माणसाची संमती आहे का?’ असं विचारणारा तिथं कोणी नसेल, ते जास्त वाईट.

प्रश्न : मी थेरपी घेते. माझ्या थेरपिस्टने परिषदेत पेपर वाचल्याचं कळलं. त्यात मी असेन का? विचारलं तर त्या दुखावतील का? (सातारा)

विचारा, आणि सेशनमध्येच विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचं बंधन आहे. त्यामुळे हा आगाऊपणा ठरत नाही. त्या क्षणभर गडबडतील कदाचित. चांगली थेरपिस्ट तुम्हाला सरळ उत्तर देईल आणि मग ही शंका इतके दिवस मनात ठेवून कसं वाटलं, तेही विचारेल. उत्तर न देता नुसतं ‘तुम्हाला असं का वाटलं?’ म्हणून प्रश्न तुमच्यावरच उलटवला, तर पुन्हा विचारा. तुमच्यावर लिहिलेलं असेल तर ते वाचायला मागा.

प्रश्न : परदेशी रिव्ह्यूअर दर वेळी ‘भारतीय संस्कृतीचा संदर्भ द्या’ म्हणतात. एकत्र कुटुंब समजावण्यात दोन पानं जातात. त्यापेक्षा मराठीतच लिहावं का? (वाई)

मराठी विश्वकोशाच्या गावातून हा प्रश्न यावा, याची गंमत वाटली. लिहा, जरूर लिहा.

पण इंग्रजीतही ती दोन पानं लिहू नका. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. आपल्या पेशंटमध्ये इडिपसची, म्हणजे मुलाची आईबद्दलची ओढ आणि वडिलांशी स्पर्धा यांची, मांडणी वेगळी दिसते, असं त्यांनी फ्रॉइडला थेट कळवलं. संस्कृतीचा परिचय करून देत ते बसले नाहीत, त्यांनी सिद्धांतावरच वाद घातला. तुम्हीही तेच करा. सासू बाहेरच्या बाकावर बसली आहे, फी सासऱ्यांच्या खिशातून येते, आणि दार बंद होताच सून आवाज खाली आणते, हे दृश्य द्या. बेंजामिन यांनी 2004 मध्ये दोघांच्या पलीकडच्या ‘तिसऱ्या’बद्दल, म्हणजे दोघांनी मिळून घडवलेल्या सामायिक जागेबद्दल, लिहिलं, त्याच्यासमोर हे दृश्य ठेवून विचारा : तिसरी जर खरोखरच बाकावर बसली असेल, तर आतल्या दोघींचं काय होतं? मग रिव्ह्यूअर संदर्भ मागणार नाही, तुमच्याशी वाद घालेल, आणि ते चांगलं आहे.

मराठीत लिहिताना मात्र संकल्पनांवर लिहा, केस नको. मराठी लेख क्लायंटची शेजारीणही वाचते. दृश्यं इंग्रजी लेखासाठी ठेवा, आणि पाठवण्याआधी तो लेख क्लायंटला मराठीत वाचून दाखवा.